एकशे सदतिसावा शिपाई

नांदेड
८ मार्च १९८६

ती. दादास, सौदामिनीचा सा. न. वि. वि.

काल चिंचा फोडताना तुझी आठवण झाली. मी हैदराबादच्या कॉन्व्हेंटमधून सुट्टीला आले, की तू ओसरीवर चिंचोक्यांची पलटण मांडायचास आणि मला शत्रू करायचास. मी कायम हरायची, कारण नियम तूच करायचास.

तुझं पत्र पोचलं. ब्रह्मदेशच्या लढाईत गेलेल्या आपल्याकडच्या शिपायांचा इतिहास तू एकोणीस वर्षं लिहितो आहेस. एकशे छत्तीस घरं झाली. उरलं ते रेणापूरजवळच्या मारोतींचं पान, आणि त्यांच्या पत्नी नीलाबाई कागद दाखवायला तयार नाहीत. मोतीबिंदू वाढतोय, तरी घरी जाऊन, कागद हातात घेतल्याशिवाय नाव लिहायचं नाही हा तुझा हट्ट. आमचे हे म्हणतात, मेहुणा नव्हे, सुभेदार लाभलाय. मला मात्र अभिमान वाटतो.

एक विचारते, रागावू नकोस. दुष्काळात कुणाच्या हंड्याला हात नको म्हणून तू घरचं पाणी भरून फिरकीचा तांब्या बरोबर नेतोस ना? आपले आजोबाही तो घेऊन हिंडत. त्यांना दुसऱ्या जातीच्या घरचं पाणी चालत नसे. नीलाबाईंनी तुझ्या तांब्याकडे बघून काय समजावं?

डोळ्यांना जप.
तुझी सौदामिनी


लातूर
२४ मार्च १९८६

चि. सौदामिनीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मान खाली गेली. एकोणीस वर्षं माणसांत हिंडलो आणि एवढं कळलं नाही. तांब्या घरी ठेवून परवा पुन्हा गेलो. टँकर तीन दिवस आला नव्हता, तरी दारातच पाणी मागितलं. नीलाबाईंनी माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मागल्या खेपेला आमचं पानी चालंना मास्तर, अन् आज मागायलात?"

चुकलो म्हणालो. त्यांनी गुळाचा खडा आणि अर्धा पेला पाणी दिलं. मी सगळं प्यालो. त्यानंतर पेटी उघडली.

आत पलटणीच्या साहेबाचं इंग्रजी पत्र आहे. त्या काळी पोस्टमनने एवढंच सांगितलं, की मारोती गेले. तापाने गेले असतील, असं त्या आजवर धरून आहेत. मला अक्षरं लागत नाहीत आणि इंग्रजी तुझंच चांगलं. मुदखेडच्या रेल्वेतले मन्मथअप्पा नीलाबाईंनी विश्वासाने दिलेलं ते मूळ पत्र तुझ्या हाती देतील. तर्जुमा कर. नव्या जिल्ह्याच्या कलेक्टर कचेरीला एक मेच्या समारंभात पहिली प्रत हवी आहे.

तुझा दादा


नांदेड
२ एप्रिल १९८६

ती. दादास सा. न.

तर्जुमा सोबत आहे. ताप नव्हता, दादा. नाल्यापलीकडे जखमी पडले होते. जायचा हुकूम नव्हता. मारोती आपणहून दोनदा गेले आणि दोघांना पाठीवर घेऊन आले. तिसऱ्यांदा गेले ते परतले नाहीत. साहेब लिहितो, त्यांच्या पत्नीला हे जरूर कळावं. कळायला बेचाळीस वर्षं लागली. तू पोस्टाने यादी मागवून नाव घातलं असतंस, तर कधीच कळलं नसतं. तुझं पुस्तक पुरं झालं. इथूनच तुझ्या पाया पडते.

आता माझं ऐक. मूळ पत्र नीलाबाईंच्या हातात दे, टपालाने नको. तर्जुमा छापखान्यात देण्याआधी त्यांना वाचून दाखव, सावकाश. पुस्तकाची एक प्रत मन्मथअप्पांना. मला छापील नको, तुझं हस्तलिखित हवं. कचेरीला दुसरी प्रत दे, वाईट वाटलं तर वाटू दे. पहिली नीलाबाईंची. त्यांना वाचता येत नाही, म्हणून नुसती ठेवून येऊ नकोस. पान उघड आणि मारोतींच्या नावावर त्यांचं बोट टेकव.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी सौदामिनी