गरम पाण्यातलं शेवाळ

बाबा, तुम्ही नोकरीभर ज्या शेवाळाला मारत आलात ते आता माझ्याकडे आहे. चपट्या काचेच्या बाटल्यांमध्ये, ट्यूबलाइटखाली, ते नीट वाढतं आहे. हे तुम्हाला कोणी सांगितलं असतं तर तुम्ही आधी हसला असतात आणि मग मला साबणाने हात धुवायला पाठवलं असतं.

काम काय आहे ते आधी सांगते. अंड्यात पिल्लू पुरतं तयार होण्याच्या खूप आधी त्याच्या हृदयाच्या पेशी काढून आम्ही त्या पोषक द्रवात वाढवतो. त्यांचा तुकडा तयार होतो आणि तो आपला आपण धडधडतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे स्पष्ट दिसतं. तुकडा कागदासारखा पातळ असेल तर जगतो. जरा जाड झाला की मधला भाग मरतो, कारण भोवतालच्या द्रवात प्राणवायू कितीही असला तरी तो आतपर्यंत पोचत नाही. आमच्या सरांची कल्पना अशी, की पेशींच्या मधेच शेवाळ मिसळायचं, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं, एकेका पेशीचं. वर उजेड ठेवला की ते जागच्या जागी प्राणवायू तयार करील. कल्पना बरोबर होती, पण शेवाळच टिकेना. हृदयाच्या पेशींना अंगाएवढी ऊब लागते आणि बाहेरून मागवलेलं शेवाळ थंड पाण्यातलं. आमच्या उबेत ते फिकट पडून मरायचं. एकदा सर वैतागून म्हणाले, "गरम पाण्यात सुखाने राहणारं शेवाळ आता कुठून आणायचं?" तेव्हा मला तुमचा नाला आठवला.

मी चौथीत आहे. क्वार्टरच्या मागे वीज केंद्राचं गरम पाणी नाल्यातून वाहतं आणि हिवाळ्यात त्यावर वाफ असते. आम्ही पोरी पाय सोडून बसतो. काठावरचं हिरवं मी औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून घरी आणते आणि खिडकीत ठेवते. तुम्ही कामावरून येता, बाटली पाहता, आणि मी तुम्हाला इतकं रागावलेलं कधी पाहिलेलं नसतं. "हे काहून आणलं घरात? दिवसभर हेच खरडून आलो मी. फेक आधी!" मग जेवताना तुम्ही स्वतःच समजावून सांगता: कूलिंग टॉवरमध्ये ते साचतं, पाणी अडतं, त्याच्यावरून माणसं घसरतात. खरडून भागत नाही, म्हणून पाण्यात क्लोरीन सोडावा लागतो. क्लोरीन हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

सरांच्या त्या बोलण्यानंतर मी तुमच्याबरोबर टॉवरवर काम करणाऱ्या काकांना भेटायला गेले. त्यांनी गेटवरच्या माणसाला सांगून मला नाल्यापर्यंत नेलं आणि बाटली स्वतःच भरून दिली.

"आम्ही जनमभर याले मारून राहिलो, अन् तू याले पोसून राहिली?" ते म्हणाले. "काय खाते हे?"

"उजेड."

"मंग सस्तं हाये. आमचा साहेब याच्यापरीस जास्त खाते." हसता हसता ते थांबले आणि रुमालाने बाटली पुसत बसले. "तुहा बाबा गेला त्या दिवशी मी सुट्टीवर होतो, पोरी. नाही तं तो व्हॉल्व मीच खोलला असता."

ते शेवाळ आमच्या उबेत टिकलं. नुसतं टिकलं नाही, वाढलं. पूर्वी जे तुकडे मधून काळे पडायचे ते आता आरपार जिवंत राहू लागले. सरांनी पेढे आणले. मी घरी आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्याच्यापायीच गेले ना ते," आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

तुमच्या त्या दिवसातलं मला माहीत होतं ते असं. क्लोरीनच्या सिलिंडरचा व्हॉल्व बदलताना गॅस सुटला. तुम्ही तोंड धुतलं, सायकलने घरी आलात, वरण-भात जेवलात आणि घसा खवखवतो म्हणालात. दुपारी दम लागला. आईने शेजाऱ्यांच्या मदतीने रिक्षाने दवाखान्यात नेलं. मला शेजारी ठेवलं होतं. संध्याकाळी आई एकटी परत आली. पुढे शिकताना मला कळलं की हा गॅस असाच वागतो. आधी माणसाला चालू-बोलू देतो आणि मग काही तासांनी फुप्फुसात पाणी भरायला लागतं.

मला माहीत नव्हतं ते यंदाच्या पितृपक्षात कळलं. तुमच्यासाठी पान वाढत होतो. वडे, खीर, कढी, सगळं झालं. आत्या म्हणाली, "दादाले चहाबिगर सुधरत नव्हतं. इतके वर्षं झाले, एक कप चहा ठेवत नाही तू वं वहिनी. एवढी कंजूस कशी?" ती थट्टाच करत होती. आईने हातातली पळी ठेवली आणि ती मागच्या अंगणात गेली. मी मागोमाग गेले.

"दवाखान्यात ऑक्सिजनचा मास्क मी काढला," ती म्हणाली. "चहा पाज, चहा पाज करून राहिले होते. बाहेरून गिलास आणला. मास्क काढला अन् पाजला. गरम होता, फुकून फुकून पेले. 'आता बरं वाटून राहिलं' म्हणे. मंग ओठ निळे झाले. सिस्टर आली अन् तिनं इचारलं, मास्क कोणी काढला?" तो प्रश्न ती इतकी वर्षं एकटीच ऐकत होती. तुमच्याबरोबर काम करणारे आले, साहेब आले, कोणालाही तिने गॅसबद्दल एक शब्द विचारला नाही. तिच्या लेखी गुन्हेगार घरातच होती.

मी प्रयोगशाळेत गेले आणि सरांना न सांगता एक प्रयोग केला. अंधारात शेवाळ प्राणवायू देत नाही. उलट आहे तो स्वतः ओढून घेतं. म्हणजे दिवा मालवणं हे मास्क काढण्यापेक्षाही वाईट. मी गिलासभर चहा मागवला, तुकड्यांवरचा दिवा बंद केला, व्हरांड्यात उभी राहून तो फुंकून फुंकून प्यायले आणि मग परत जाऊन दिवा लावला. सगळं थांबलेलं होतं. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. मग एक तुकडा हलला. मग दुसरा.

कोंबडीच्या पेशी म्हणजे तुम्ही नाही, हे मला कळतं. यातून काय सिद्ध होतं असं सरांनी विचारलं असतं तर काहीच नाही असं मी सांगितलं असतं. खरं उत्तर वेगळंच आहे. फुप्फुसात पाणी भरल्यावर मास्कमधला प्राणवायू रक्तापर्यंत पोचतच नव्हता, आणि चहा दिला नसता तरी तुम्ही वाचला नसतात. बहुधा. हा शब्द मी आईसमोर गाळला. तिला फुप्फुसाचं चित्र काढून दाखवलं, तर ती माझ्या बोटांकडे पाहत राहिली. मग तुकड्यांचं सांगितलं, तेव्हा तिने मान वर केली.

"तू दिवा बंद केला, अन् ते पुन्हा चालू झाले?"

"हो."

"सगळेच?"

"सगळेच, आई."

"मंग सिस्टरनं तसं काहून इचारलं?"

"तिला माहीत नव्हतं म्हणून."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलत नाही अशी तिची खात्री आहे, आणि ती मी इतक्या वर्षांत कमावली आहे. मग ती "बरं" म्हणाली. भिंतीला टेकून तिने पाय लांब केले आणि भर दुपारी तिथेच झोपली. ती दुपारी झोपलेली मी आजवर पाहिली नव्हती.

सगळे सुरू झाले नव्हते, बाबा. पातळ झाले. जे जाड होते, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे, त्यांतले बरेच तसेच पडून राहिले. असा निकाल आला की प्रयोग पुन्हा करून पाहायचा असतो. मी तो केला नाही, आणि करणार नाही.