अक्कासाठी पापलेट

सीबीडी बेलापूर,
आश्विन वद्य षष्ठी, १९९५

तीर्थरूप अक्कास,

अरविंदचा लांबूनच नमस्कार. लांबून अशासाठी, की माझे दोन्ही हात मनगटापर्यंत निळे-पिवळे आहेत आणि ते तुझ्या पायांना लागलेले तुला चालायचे नाहीत. इकडे आम्ही तिघंही ठीक. तुझ्या गुडघ्याला वैद्यांचं तेल मानवलं का? दाजींचा खोकला कसा आहे? (ते अजून साखर कारखान्याच्या धुराकडेच बोट दाखवतात, की आता स्वतःच्या तपकिरीपर्यंत आले आहेत?) सांगलीत पहाटे शाल लागत असेल. इथे खाडीवरून येणारं वारं इतकं ओलं असतं, की सकाळचं वर्तमानपत्र दोरीवर वाळत घालून मग वाचावं असं वाटतं.

तुझं पोस्टकार्ड समोर ठेवूनच लिहितो आहे. त्यात तू म्हटलं आहेस की गेल्या दिवाळीला मी पाठवलेल्या भेटकार्डावरचं चित्र छापील, आतला मजकूर छापील आणि तोही इंग्रजी. माझं म्हणून त्यात फक्त नाव होतं, आणि तेही घाईत केलेल्या सहीसारखं. तेव्हा ज्यानं कार्ड छापलं त्यालाच जाऊन ओवाळावं असं तुझ्या मनात आलं. यंदा माझ्या हातचं कार्ड आलं तर तू भाऊबीजेला येणार, नाहीतर सांगलीतूनच बेलापूरच्या दिशेला निरांजन फिरवणार. आई-दादा गेल्यापासून आमचा हा दोन खोल्यांचा फ्लॅट म्हणजेच तुझं माहेर, आणि तू आजवर एकही भाऊबीज चुकवलेली नाहीस. म्हणून तुझ्या या अटीवर मी खंडन-मंडन न करता (दादांनी एवढं न्यायशास्त्र शिकवूनही) थेट कामाला लागलो.

कामाला लागलो म्हणजे जाईला शरण गेलो. तिनं सुट्टीत वाशीला एक हौशी वर्ग केला होता. त्यात कार्डं रंगवायची, ठसे उमटवायचे, असलं शिकवत. तिच्याकडे जलरंगांच्या वड्यांची पेटी आहे, कुंचले आहेत, शाईची गादी आहे. मी विचारलं, ठसे कुठे मिळतील? ती म्हणाली, "बाबा, टेन्शन घेऊ नका, फ्रिज उघडा." तर अक्का, तुला ठाऊक आहे का, बटाटा अर्धा चिरून त्याच्या कापावर नक्षी कोरली की झाला ठसा! मी पणती कोरली. उमटवली. सुनीती मान तिरकी करून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "कढई छान आलीय." मी दुसऱ्या बटाट्यात ज्योत कोरून ती वर उमटवली. "आता फोडणी पेटली," ती म्हणाली. कलावंताला घरातून मिळणारं उत्तेजन म्हणतात ते हेच असावं.

मग भेंडी. भेंडी आडवी चिरून रंगात बुडवून टेकवली की अख्खं फूल उमटतं, पाच पाकळ्यांचं, मधे बियांचे ठिपके. पन्नाशीला टेकेपर्यंत मी किती भेंड्या खाल्ल्या असतील, पण त्यांच्या पोटात फुलं असतात हे कधी पाहिलंच नव्हतं. मला चैन पडेना. देठाकडे मोठं फूल निघतं, शेंड्याकडे कळी, मग मधल्या प्रत्येक कापात काय असेल? मी चिरत गेलो. एकीत सहा पाकळ्या निघाल्या तेव्हा मी इतक्या मोठ्यानं हाक मारली, की सुनीती पोळपाट टाकून धावत आली, आणि कारण कळल्यावर तितक्याच वेगानं परत गेली. भेंडीचा चिकट रस रंगात मिसळला की फुलाला तकाकी येते, हाही शोध मला लागला. (जाई म्हणाली, हे वर्गात पहिल्याच दिवशी सांगतात. शोध दुसऱ्याला आधी लागला म्हणून तो शोध राहत नाही, असं थोडंच आहे?) आठवडाभर घरात भेंडीचीच भाजी होती. गुरुवारी ऑफिसात डबा उघडला तर भाजीला निळसर झाक. शेजारच्या टेबलावरच्या मंडळींनी माझ्या प्रकृतीची चौकशी केली आणि त्या दिवसापुरतं माझ्या डब्यात कोणी बोट घातलं नाही.

पण नुसत्या फुलांनी दिवाळी होत नाही, आकाश हवं. जाईनं सांगितलं, कागद ओला करायचा, गडद निळा रंग सोडायचा आणि ओला असतानाच वर खडेमीठ भुरभुरवायचं. अक्का, हे मात्र तू करून पाहाच. मिठाचा एकेक खडा भोवतालचं पाणी ओढून घेतो, रंग त्याच्याभोवती फाकतो आणि बघता बघता आकाशभर चांदण्या फुटतात. मी खुर्ची ओढून समोर बसलो. एक खडा मोठा, त्याची चांदणी मोठी. दोन खडे शेजारी पडले तर त्यांच्या चांदण्या एकमेकींना धक्के देत जागा करून घेतात, अगदी आपल्या आत्याबाईंसारख्या. मिठाला तहान का लागते, रंग नेमका कुठे थांबतो, हे मी जाईला विचारत राहिलो. तिनं मला अकरावीचं रसायनशास्त्राचं पुस्तक आणून दिलं आणि ती मैत्रिणीकडे निघून गेली. वाळल्यावर मीठ झटकून टाकायचं असतं, एवढं सांगायचं मात्र ती विसरली. मला ते चमकणारे खडे इतके आवडले, की मी ते तसेच राहू दिले. सकाळी पाहतो तो खाडीच्या हवेनं मिठाला पाझर फुटलेला, आणि आकाश ओघळून खालच्या पणत्यांत, म्हणजे कढयांत, जमा झालेलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवरही दोन निळे ओघळ. नेमकी भाऊबीजेची तारीख बुडाली होती. (मी शकुन-अपशकुन मानत नाही. तरी ओल्या फडक्यानं तारीख पुसून काढली.)

आता जे सांगणार आहे ते आंघोळीच्या आधी वाचावंस, म्हणजे नंतर पुन्हा करावी लागणार नाही.

आमच्या शेजारी साताऱ्याकडचे मानसिंगराव आणि सत्यभामाबाई राहतात. मानसिंगरावांचे ट्रेलर न्हावा-शेव्याला बंदरावर चालतात. जवळच्या दिवाळे गावाहून चांगुणाबाई नावाची कोळीण त्यांच्या दारात टोपली घेऊन येते, आणि ती आली की आजवर मी श्वास धरून जिना उतरत असे. रविवारी मात्र डोक्यात ठसेच ठसे असल्यामुळे मी थांबलो आणि टोपलीत डोकावलो. वर एक पापलेट होतं. कल्ल्याचा पंख्यासारखा घडीचा पडदा, शेपटीच्या काड्या, अंगावर बारीक चंदेरी जाळी! एवढं कोरीव काम बटाट्यावर करायला मला सात जन्म लागले असते. मी विचारलं, हे थोडा वेळ मिळेल का, परत करीन.

चांगुणाबाईनं टोपली खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवले. "म्हावरा भाड्यान कोन देतं, दादा? तुला खायाचा हाय का बगायाचा हाय?"

मी म्हटलं, रंग लावून छापायचं आहे, मग धुऊन देतो.

"निला रंग लावून मना परत देशील, न मंग गिऱ्हाईक मना काय बोलंल? चांगुने, तुजा पापलेट थंडीनं मेला काय?"

सत्यभामाबाई हसून हसून दाराला टेकल्या. शेवटी तडजोड त्यांनीच काढली. पापलेट त्यांनी जेवणासाठी घेतलं आणि मला वापरायला दिलं, दोन अटींवर. एक, छपाई जिन्यातल्या मोकळ्या जागेत करायची, कारण सुनीतीनं आमचं दार आतून लावून घेतलं होतं. दुसरी, पेटीतला रंग लावायचा नाही, फक्त हळद लावायची. "तेवढंच माझं काम वाचंल, भाऊजी. नाहीतरी हळद-मीठ लावायचंच हाय." इतका निर्मळ युक्तिवाद मी ऑफिसच्या कुठल्याही बैठकीत ऐकलेला नाही.

मी हळद कालवली, कुंचल्यानं लावली, वर पातळ हातकागद घातला आणि तळव्यानं चेपला. पहिल्यांदा नुसता पिवळा डाग आला. मासा ओला होता हे लक्षात यायला मला वेळ लागला. (मासा ओला असतो, हे अनुमानानंही कळायला हवं होतं.) टिपकागदानं टिपून पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्या कागदाला पापलेट जसंच्या तसं वर आलं, काडीन् काडी, जाळीन् जाळी. तेवढ्यात मानसिंगराव जेवायला म्हणून जिना चढून आले. "काय ओ साहेब, आमचं जेवान छापखान्यात गेलंय म्हनं?" असं म्हणत, हातावर तंबाखू-चुना मळत ते वाकले आणि "ही शेपटी लई झ्याक आलीय बगा" म्हणून त्यांनी बोट टेकवलं. बोट उचललं तर शेपटीवर लालभडक ठिपका! दोघंही दचकलो. मला वाटलं बोट कापलं. मग उलगडलं, हळदीला चुना लागला होता. आईनं घरी कुंकू केलेलं आपण लहानपणी पाहिलं होतं ना, तसंच अगदी. मी त्या कागदावरची शेपटी नमुना म्हणून कापून बाजूला ठेवली, चुन्याची डबी मागून घेतली, चौथा ठसा काढला आणि काडीच्या टोकानं कल्ले, डोळा, पंखांच्या कडा स्वतः लाल केल्या. रंग कसा चढतो, कुठे नारिंगी राहतो, कुठे थेट कुंकवावर जातो, हे पाहताना मला वेळेचं भान राहिलं नाही. मानसिंगरावांना मात्र होतं. ते तिसऱ्यांदा विचारायला आले तेव्हा मी त्यांचं जेवण त्यांच्या हवाली केलं.

ते कार्ड इतकं देखणं झालं आहे, की पाहत राहावं. पण चातुर्मासात कांदा-लसूण तर सोडच, वांगंसुद्धा वर्ज्य करणाऱ्या बहिणीला मी पापलेट कोणत्या तोंडानं पाठवू? म्हणून सोबत भेंडीच्या फुलांचं कार्ड पाठवतो आहे. मीठ झटकलेलं निळं आकाश आणि खाली सहा पाकळ्यांचं ते फूल. ते पाहून तुझं समाधान व्हावं आणि पाऊल इकडे वळावं. दाजींना नमस्कार. तपकिरीचं मी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवू नकोस.

तुझा,
अरविंद

ता. क. पाकीट बंद करण्याआधी जाईनं पत्र वाचलं. ती म्हणते, "बाबा, हे चीटिंग आहे. भेंडी तुम्ही चिरलीत, पण ठसे मी उमटवले आणि तुमचं आकाश ओघळल्यावर नवं आईनं रंगवलं. आत्यानं 'तुझ्या हातचं' लिहिलंय." मी म्हटलं, चिरणं हेही हातानंच होतं. तिनं तुझं पोस्टकार्ड माझ्यापुढे धरून त्या शब्दांवर बोट ठेवलं. ही मुलगी तुझ्यावर गेली आहे.

ता. क. २. तर मग आरंभापासून शेवटपर्यंत माझ्या एकट्याच्या हातचं असं घरात एकच कार्ड आहे. ते पातळ कागदात गुंडाळून, कापराची वडी घालून याच पाकिटात ठेवलं आहे. तू रागावण्याआधी माझा उत्तरपक्ष ऐकून घे. मासा सत्यभामाबाईंच्या घरी गेला, खाल्ला गेला. कागदावर त्याचा फक्त आकार आहे. आणि द्रव्य म्हणशील, तर कार्डावर हळद आणि कुंकू यांखेरीज काहीही नाही. सवाष्णीला हळदकुंकू पाठवण्यात चातुर्मासाचा कोणता नियम मोडतो, हे दाजींनी मला दाखवून द्यावं. वास येत नाही. सुनीतीनं घेऊन पाहिला.

ता. क. ३. वन्सं, साष्टांग नमस्कार. वास येतो, पण थोडा. गॅलरीत दोन दिवस टांगून ठेवलंत तर जाईल. हे उत्तरपक्ष वगैरे लिहितायत ते सोडून द्या. भेंडीचं कार्ड पाठवायचं ठरल्यावर हे जेवले नव्हते, मासा पाकिटात गेल्यावर दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. एवढी पानं लिहून यांनी तुम्हाला "ये" असं एकदाही म्हटलेलं नाही, ते मी लिहिते. या. सत्यभामाबाईंनी भाऊबीजेला घरात मासळी शिजवणार नाही असं कबूल केलं आहे. चांगुणाबाईला मी अजून काही सांगितलेलं नाही, कारण कालच हे जिन्यात तिच्याशी कोलंबीबद्दल बोलत उभे होते. तेव्हा जरा लवकरच या.

— सुनीती