टांग्याची बसलेली कमान

सोमवार, ता. २ जानेवारी १९११

जाताना तीनदा, येताना चारदा! सात हादरे, आणि सातही वेळा ही सरकून माझ्या खांद्याला लागली.

दर सोमवारी आईला उचगावला मावशीकडं जायचं असतं. मागं तोंड करून बसलं की तिला मळमळतं, म्हणून ती पुढं बसते, आमच्या टांगेवाल्या मौलाशेजारी. मागच्या बाकावर आम्ही दोघं, त्यांच्याकडं पाठ करून. लग्नाला दोन महिने झाले. घरात माणसं बावीस. मी सोप्यात बाबांच्या शेजारी झोपतो, ही माजघरात आईच्या शेजारी. दिवसा चारचौघांत बोलायची सोय नाही. उरला टांगा!

त्याची एका बाजूच्या चाकावरची, हादरे झेलणारी पोलादी कमान पार बसली आहे. उसाच्या गाड्यांनी रस्त्यात हातभर चाकोऱ्या पाडल्यात. चाक आत गेलं की टांगा कलतो आणि ही माझ्या अंगावर येते. कुणाची चूक नाही, कुणाला लाज नाही. देव त्या कमानीचं भलं करो!

मंगळवार, ता. ३

आईची कंबर धरली. सकाळपासून एकच धोशा — "माझी हाडं खिळखिळी झाली! आधी ती कमान बदला!"

बाबा जेवताना म्हणाले, "कमान बसंल न्हाय तर काय हुईल? ह्येचं वजन बघितलंस व्हय?"

मी अडीच मण. तालीम सुटली, खुराक सुटला नाही. सगळे खो खो हसले. ही वाढत होती, तीही हसली — पदराआड. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाचवी भाकरी घेतली नाही.

बुधवार, ता. ४

काम माझ्याच गळ्यात पडलं. आकाराम लोहाराकडं गेलो. म्हटलं, "कमान बदलायची आहे, पण घाई नाही. अजिबात नाही. होळी झाल्यावर केलीस तरी चालेल."

तो भाता थांबवून बघतच राहिला. "धाकलं मालक, लोकं लवकर कर म्हणून माजं डोस्कं खात्यात. उशीर कर म्हणणारं तुमीच पयलं!"

घरी येऊन सांगितलं, पोलाद संपलंय.

सोमवार, ता. ९

नऊ!! निघायच्या आधी मौलाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, टांगा चाकोरीतून घे.

"चांगला रस्ता सोडून?"

"घोड्याला बरं असतं."

"घोड्याला व्हय?" त्यानं माझ्याकडं बघितलं, मग घोड्याकडं. "बरं."

पुढं आई साऱ्या गाडीवानांच्या सात पिढ्या उद्धारत होती आणि मागं मी स्वर्गात! मी वाईट मुलगा आहे का? आहे.

शनिवार, ता. १४

संक्रांत. हिनं सगळ्यांना हातात तिळगूळ दिला, वाकून नमस्कार केला. माझी पाळी आली तेव्हा ताटली जमिनीवर ठेवली, बोटानं माझ्याकडं सरकवली आणि पळाली!

तेव्हापासून डोक्यात भुंगा. हिला मी आवडतो का? टांग्यात ती अंगावर येते ती कमानीमुळं. तिचा त्यात काय दोष? कदाचित दर हादऱ्याला बिचारी मनात म्हणत असेल, आला पुन्हा हा भोपळा! विचारायचं तरी कसं? आणि कुठं? बावीस माणसांत?

तिळगूळ गोड लागेना. चार लाडू जास्त खाऊन बघितले. तरी नाही.

सोमवार, ता. १६

आज सहावा हादरा बसला आणि आई "मेले गं बाई!" म्हणून ओरडली. उचगावात तिला उतरताच येईना. मी आणि मौलानं धरून उतरवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

माझी मलाच लाज वाटली. खरोखरीची. संध्याकाळी आपणहून आकारामकडं गेलो. म्हटलं, "उद्याच बदल."

"पोलाद आलं व्हय?" म्हणाला. घरचं सगळं बाहेर कळतं!

गुरुवार, ता. १९

कमान बदलली. आता ही आपणहून सरकते का, ते सोमवारी कळेल. चार दिवस कशात जीव लागणार नाही.

सोमवार, ता. २३

टांगा कसला, पाळणा! हादरा म्हणून नाही. आई चक्क गाणं गुणगुणत होती. उचगावात मावशीला म्हणाली, "माझ्या लेकानं केलं हो!"

मागं आम्ही दोघं. मध्ये एक मांजर ऐसपैस झोपेल एवढी जागा. ही आपल्या टोकाला. एकदा माझ्याकडं बघितलं, मग सगळी वाट उसाच्या गाड्या बघत बसली. मिळालं उत्तर! चाकोरीत घेऊनही उपयोग झाला नाही — मौलानं न सांगता घेतला होता टांगा.

येताना मी दोनदा खोकलो. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. संपलं सगळं.

मंगळवार, ता. २४

आकारामचे पैसे द्यायला गेलो. जुनी कमान दारात पडली होती. म्हटलं, "माझ्याच वजनानं गेली ना?"

"छ्या! ही उजव्या चाकावरची. डावी अजून नव्यावानी हाय की!"

पण डाव्या चाकावर तर मी बसतो! उजव्यावर ही. म्हणजे टांगा दर वेळी तिच्याकडं कलत होता, हिच्या नादात मला कळलंच नाही. म्हणजे ही दर वेळी चढ चढून माझ्याकडं आली!

येत्या सोमवारी मी सरकणार. हादरा बसो वा न बसो.