सौनात हात उचलायचा नसतो

पिएलिनेन तळ्याकाठी,
शनिवार, १८ जानेवारी

प्रिय किप्रोनो,

पत्राला फार उशीर झाला, राग धरू नकोस. नाताळच्या आधीच लिहायला बसलो होतो. कागद घेतला, पेन घेतलं, मग चुलीत लाकूड सारायला उठलो आणि तिथेच बसून राहिलो. मी जेमतेम चार इयत्ता शिकलेला लाकूडतोड्या. घरातली पत्रं माझी बायको हेल्वी लिहायची, आणि ती गेल्यापासून कुणाला पत्रच गेलेलं नाही.

तुर्कूला मित्राकडे नीट आहेस ना? नाकाचं हाड जुळलं का? तिकडे समुद्राचा ओला वारा असतो, कान झाकून फिर. टाके पडलेला कान तर झाकच. बटाटे शिजवतोस की नुसता पाव खातोस? मला उगाच काळजी लागून राहते. इथे तळं गोठलंय, आणि खालून कुणी कुऱ्हाड घालत असल्यासारखे आवाज येतात. छपरावर बर्फ साचलंय. परवा शिडी लावली, पण वर चढलो नाही. घाबरू नकोस.

चर्चच्या बाईंनी तुला पहिल्यांदा आणून बसवलं तो दिवस आठवतो. "ओइवा, हा केनियाहून आलाय. विद्यापीठात जंगलाचं शिकतो, पण फिनिश आल्याशिवाय इथल्या जंगलात नोकरी कोण देणार? याच्याशी बोलत जा." तू जेवायला बसलास आणि म्हणालास, "कृपया, आपल्याला शक्य असल्यास, मला बटाटे द्याल का?"

मी म्हटलं, "बटाटे मागतोयस की माझी मुलगी? 'बटाटे दे' म्हण. इथे एवढंच म्हणतात."

"आजोबा, असं बोललं तर आमच्या फिनिशच्या बाई नापास करतात."

"नापास हो, पण उपाशी राहू नकोस."

किती दिवसांनी हसलो होतो मी. मग तू वर्गातले धडे घेऊन यायला लागलास. अपघात झाला तर फोन कसा करायचा, तो धडा आपण किती वेळा केला. मी फोनवरची बाई व्हायचो, मुद्दाम आवाज बारीक काढायचो. तू म्हणायचास, माणूस झाडाखाली सापडलाय, रस्ता अमुक, वळण तमुक. मी म्हणायचो, "हळू सांग बाळा, माझी कॉफी सांडली."

आणि शनिवारी सौना, तापल्या दगडांवर पाणी मारून वाफेत बसायचं. पहिल्याच दिवशी तुला बजावलं होतं, सौनात चर्चमध्ये बसल्यासारखं बसायचं. आवाज चढवायचा नाही, शिवी द्यायची नाही, हात तर उचलायचाच नाही. माझ्या बापाने मला असंच सांगितलं होतं, त्याला त्याच्या बापाने. तू ते पाठच केलंस. इतकं कुणी पाठ करतं का रे?

त्या शनिवारचं मी लिहिणार नव्हतो. पण ते टाळलं तर पुढचं सांगता येत नाही.

योउको बूट घालून आत आला. माझा मुलगा आहे, त्याला हे नियम ठाऊक आहेत, आणि तरी दोन उघड्या माणसांसमोर तो बर्फाळ बूट घालून उभा राहिला. तोंडाला दारूचा वास.

"हा आता वरच्या फळीवर, माझ्या जागेवर बसतो होय? उद्या हे घरही याच्या नावावर करशील, म्हाताऱ्या."

"बूट काढ, नाहीतर बाहेर हो," मी म्हटलं. आवाज चढवला नाही मी.

त्याने माझ्या हातातलं पाणी शिंपडायचं ओगराळं हिसकावलं आणि तुझ्या तोंडावर हाणलं. नाक मोडलेलं मला वाफेच्या आवाजातही ऐकू आलं. रक्त तापल्या दगडांवर पडून चरचरलं, तो वास अजून लाकडातून जात नाही. ओगराळं मोडलं तेव्हा त्याने ढिगातलं लाकूड उचललं. कान फाटला. खांद्यावर घाव बसला, परत त्याच जागी बसला. आणि तू दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसलेला. मी ओरडलो, "मार त्याला! त्याच्या दुप्पट आहेस तू!" तू तोंडातलं रक्त थुंकलास आणि म्हणालास, "आजोबा, इथे हात उचलत नाहीत."

त्याने लाकूड पुन्हा वर नेलं. या वेळी डोक्यावर नेम होता. मी आयुष्यभर झाडं पाडली आहेत, घाव कुठे पडणार ते मला आधी कळतं.

चुलीवरचं उकळत्या पाण्याचं तपेलं मी उचललं आणि माझ्या मुलाच्या तोंडावर ओतलं.

लिहिलं एकदाचं.

तो डुकरासारखा ओरडत बाहेर पळाला, बर्फात तोंड खुपसलं, आणि तोंड वर काढलं तेव्हा कातडी बर्फातच राहिली. मी दारात खांबासारखा उभा. तू, अंगावर चिंधी नाही, नाकातोंडातून रक्त वाहतंय, त्याला स्वतःच्या टॉवेलात गुंडाळलंस. फोन लावलास. रस्ता, वळण, तळ्याकाठचं लाल घर, कुठे अडखळला नाहीस. मग पोलीस आले, पाणी कुणी टाकलं म्हणून विचारलं, आणि माझा जबडा उघडायच्या आत तू म्हणालास, "मी."

आमच्या भाषेत तू बोललेलं ते पहिलं खोटं, आणि तेही बिनचूक.

मी पोलिसांकडे गेलो होतो, पोरा. दुसऱ्याच दिवशी गेलो, नंतर पुन्हा गेलो. सातू म्हणून एक अधिकारी आहे, भली बाई. तिने कॉफी दिली, ती माझ्या हातून मांडीवर सांडली. म्हणाली, "ओइवा, तुम्हाला कप धरवत नाही, तपेलं कसं उचललंत?" घरी येऊन तपेलं भरून तिने माझ्यापुढे ठेवलं. मी दोन्ही हातांनी ओढलं. हललंसुद्धा नाही. ती हळूच म्हणाली, "त्या मुलाला वाचवायला बघताय, कळतं मला."

मग योउकोकडे इस्पितळात गेलो. एक डोळा गेलाय. दुसऱ्याने बघतो. म्हटलं, "तू तरी खरं सांग."

"मला ठाऊक आहे कोण होतं ते," तो म्हणाला. "पण मी नाव त्याचंच घेणार. त्याला हाकललं की तुझ्याकडे कोण येणार, म्हाताऱ्या? मीच."

त्याचा डोळा हेल्वीसारखा आहे. मी त्यात बघत बसलो. खरं सांगू? पुन्हा तसं घडलं तर मी पुन्हा ओतेन. याचीच भीती वाटते, दुसरी कशाची नाही.

मला तुरुंगात घालतील म्हणून तू बोललास, हे कळतं. पण मी कुठेही असलो तरी आता थोडेच दिवस असणार. तुझं मात्र शिक्षण अर्धं राहील, इथे राहायची परवानगी जाईल, आणि तुझी आई तिकडे कुणाला तोंड दाखवणार? माझं कुणी ऐकत नाही. तुझं ऐकतील. सातूला फोन कर आणि सांग, म्हाताऱ्याने ओतलं. सोप्या शब्दांत सांग, बटाटे मागतोस तसं. खटला उभा राहीपर्यंत तुला मोकळं सोडलंय, तो उभा राहिला की उशीर होईल.

आज शनिवार. सौना त्या दिवसापासून थंड आहे. दगड मी घासून काढले.

तुला मी मागायला शिकवलं, तसं आज मला मागता येत नाही. म्हणून तुझ्याच पद्धतीने लिहितो, फिनिशच्या बाईंना दाखव, पास करतील. कृपया, आपल्याला शक्य असल्यास, सातूला लवकर कळवाल का?

वाट बघणारा,
तुझा ओइवा आजोबा