वरून काढलेला आमच्या शेताचा फोटो

२ मार्च
मी बोलून राह्यले, नात सोनल लिहून राह्यली. कॉलेजातून धुराचा अभ्यास घेऊन आली. वरून यान जातं म्हणे. ऊस तोडून झाल्यावर कुणी पाचट पेटवलं की नकाशावर लाल ठिपका उमटतो. आमच्या गावावर एकबी ठिपका न्हाई. बाई खुश!
म्हटलं, तुझं यान जातं किती वाजता?
"दुपारी दीडला."
अन् गाव पेटवतं दिवस कलल्यावर, वारा पडला की. तिचं तोंड एवढंसं झालं. दोन वर्षं शिकली, पेटवणाराला विचारलं न्हाई.
तीर्थपुरीकडून धूर आल्ता. खोकला जास्त.

४ मार्च
सोनलला गेल्या सालची आपल्या बागेची आग अभ्यासात घालायची. भास्कर, माझा लेक, जेवता जेवता म्हणाला, "लिही की. किसनच्या चुलीची ठिणगी."
मी पाणी प्यायला उठले. (हे नको लिहू म्हटलं, तर लिहिलंच.)
किसन वीस वर्षं आमचा सालगडी. शेतातल्या आखाड्यावर, खोपीत राहायचा. मोसंबीची साठ झाडं गेली, मालकांच्या, सोनलच्या आजोबांच्या हातची. मालक तर आधीच गेल्ते. किसननं ओल्या पोत्यानं आग झोडली, उजवा पंजा भाजला. आठ दिवसांनी भास्करनं त्यालाच काढलं. आता मंठ्याला आडतीवर झाडझूड करतो म्हणे.

७ मार्च
सोनलनं दुसऱ्या यानाचा फोटो दाखवला. हा पाच-पाच दिवसांनी येतो, पण साफ. आगीनंतरचा. मला अक्षर कळत न्हाई, पण मीच बोट ठेवून सांगितलं: ही विहीर, हा ओढा, हे लिंबाचं झाड, हा आखाडा.
"आजी, तू तर वाचतेस की!"
वाचलं. काळं खराट्यासारखं पसरल्तं. मूठ आपल्या विहिरीच्या बांधावर, पसारा मोसंबीत. आखाडा एका अंगाला, त्याच्या भोवती पिवळंच, काळं न्हाई.
सोनलला बांध कुठं ठाऊक. तिला नुसतं काळं दिसलं. म्हटलं, डोळे दुखून राह्यले, बंद कर.

८ मार्च
आज काही न्हाई.
आजी जेवली न्हाई, असं तिनं आपल्या मनानं लिहिलंय. चोंबडी.

११ मार्च
सोनल, लिही. अन् मधी थांबू नको.
त्या दिवशी किसननं चूल पेटवलीच नव्हती. मीच त्याला भाकरी अन् ठेचा घेऊन गेल्ते. येता येता विहिरीजवळचं पाचट पेटवलं. वारा पडल्ता. जन्मभर असंच करत आले. विझलं समजून घरी आले. मागून वारा उठला.
भास्कर जळक्या झाडांत बसून बापाच्या नावानं रडत होता. तेव्हाच सांगायचं... मंग भास्करनं किसनला बोलावलं. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "माय, तुम्हीच सांगा. चूल पेटवली होती का म्या?"
मी पदर सारखा केला.
मला वाटतं, तेव्हाच त्याला कळलं.
सोनल थांबली. थांबू नको म्हटलं होतं.

१२ मार्च
भास्करला सांगितलं. ताटावरून उठला. दारात म्हणाला, "आई, मंठ्याच्या बाजारात दोनदा दिसला मला तो. दोनदा तोंड फिरवलं म्या."
दुपारपर्यंत आला न्हाई. ताट तसंच झाकून.

१३ मार्च
उद्या मंठ्याला. सोनल स्कूटीवर नेते म्हणते. या वयात तेवढंच राहिल्तं. भाकरी बांधणार, ठेचाबी.
तिनं फोटो छापून आणलाय. किसनलाही अक्षर येत न्हाई, पण ते शेत त्याला माझ्याहून जास्त कळतं. पुढं केला की तोच वाचील, मला बोलायला नको... बघा, अजून पळवाट शोधून राह्यली म्हातारी. न्हाई. फोटो पिशवीतच राहील. आधी तोंडानं.
भास्कर येतो का, माहीत न्हाई. विचारलं न्हाई.
सोनल म्हणते, "आजी, किसनकाका भेटलेच न्हाई तर?"
भेटला तर काय, हे पोरीला अजून सुचलं न्हाई.