अँटेनाची टोपी

३ जून २००३, मंगळवार

आज पुन्हा दोन वाजता मेला! अँटेना. मुठीएवढं काळं डबडं, लोहचुंबकाने गाडीच्या टपावर चिकटवलेलं. त्या टपाला नुसता हात लागला तरी कातडं सोलून निघतं, आणि हा बिचारा सकाळी सातपासून तिथे बसलेला. तापला की गाडीतल्या, उपग्रहावरून जागा सांगणाऱ्या यंत्राचा हिरवा दिवा लाल होतो. मग जागेचा आकडा गोठतो. गाडी पाच किलोमीटर पुढे जाते, आकडा मागेच उभा, रुसलेल्या गाढवासारखा.

मी ओलं फडकं टाकलं. दहा मिनिटांत पापड. गुमारोकाका स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होता. "अरे डोंगरी, त्याला ताप आलाय का पट्ट्या ठेवायला?"

सव्वीस वर्षं तो या वाळवंटात गाडी चालवतोय. मला दोन महिने झाले. कच्चे रस्ते मोजायचे, विजेचे खांब कुठे रोवायचे ते ठरवायला. तो चालवतो आणि आकडा वाचतो, मी वहीत लिहितो. वही बाराझा इंजिनिअरसाहेबांची. मागची पानं माझी.

४ जून

टोपी केली! म्हणजे काकाने केली. प्लास्टिकचा पांढरा वाडगा पालथा घातला अँटेनावर. मी म्हटलं, झालं. तो म्हणाला, "थांब, घाई काय, लग्न आहे का तुझं?" खिशातून बाटल्यांची तीन बुचं काढली, काठाखाली तीन बाजूंना लावली, वरून दोरीने आवळलं. "सावली पुरत नाही पोरा. खालून वारा जायला हवा. कोंडलेली सावलीसुद्धा भाजते."

पाच वाजले तरी दिवा हिरवा. टपाला हात लावून पाहिला — पोळला. अँटेनाला लावला — कोमट. एवढी साधी गोष्ट. मला नसती सुचली.

५ जून

आईला फोन लावला. गावात पाऊस आहे म्हणे, धुकं दारातून आत येतंय. इथे थुंकलं तरी जमिनीवर पोचत नाही. मी इथला पण नाही. ऑगस्टमध्ये पैसे जमले की सीमा ओलांडून उत्तरेला, कामाला. सगळे जातात.

८ जून, रविवार

काकाने आज घरी जेवायला बोलावलं. देल्फिनाकाकू तव्याएवढ्या, पातळ पोळ्या हातावर फिरवून करते. टेबलावर चार ताटं मांडली. आम्ही तिघं. मी विचारलं, अजून कोण यायचंय?

काकूने सांगितलं. नाबोर. मुलगा. तीन वर्षांपूर्वी याच वाळवंटातून पायी उत्तरेला निघाला. तेव्हा एकवीस वर्षांचा. म्हणजे माझ्याच वयाचा. फोन नाही, चिठ्ठी नाही.

"नोव्हेंबरात सगळ्या बायका मेलेल्यांचं ताट वाढतात," काकू म्हणाली. "मी नाही वाढत. जिवंताला मेलेल्यांच्या पंगतीत कशी बसवू? आणि गेलाच असेल तर तीन वर्षं पोर उपाशी आहे माझं. सांग तेयो, मी काय करू?"

मी पोळी खात राहिलो.

दर रविवारी दोघं शोधायला जातात. साहेब गाडी देतात. आता मी पण जाणार, आकडे लिहायला. कुठे शोधून झालं, कुठे नाही, याचा हिशोब राहील म्हणते काकू. काका म्हणाला, "त्याला कशाला उगाच उन्हात." तिने ऐकलं नाही.

१५ जून, रविवार

सहा तास. मिळालं काय — पाण्याचे रिकामे कॅन, एक बाहुली, एक बूट (बाईचा). बाहुली काकूने पुसून झुडपाच्या सावलीत बसवली.

तिने काळ्या टेकडीकडे बोट दाखवलं. "तिकडे डावीकडे जाऊ."

"झालंय ते शोधून," काका म्हणाला.

"कधी?"

"झालंय म्हटलं ना."

घरी आल्यावर मला बाजूला म्हणाला, "ती आठवडाभर रविवारची वाट बघते. सोमवारपासून तयारी. शोधायला जायचंय म्हणून उठते, केस विंचरते. कळलं?" मी मान हलवली. कळलं नव्हतं.

१८ जून

काही नाही. ऊन.

२२ जून, रविवार

अक्षर वाकडं येतंय.

सकाळी टपावर टोपी नव्हती. काका म्हणाला गोदामात राहिली. जाऊ दे म्हटलं. बाराला एका खडकाच्या आडोशाला जेवलो, काकूचे बरिटो, म्हणजे सारण भरून गुंडाळलेल्या पोळ्या, चांदीच्या कागदात. तिथला आकडा मी लिहून घेतला. तोवर दिवा लुकलुकायला लागला होता.

खाऊन होताच काकू उठली. "आज डावीकडे. काळी टेकडी."

"देल्फिना —"

"तू नाही चालवलीस तर मी चालत जाईन, गुमारो. तीन वर्षं तू म्हणशील तिकडे आले."

काकाने आपल्या बरिटोचा चांदीचा कागद मांडीवर घेऊन तळहाताने नीट सपाट केला, एकेक सुरकुती काढून. माझ्याकडे दिला. "हा गुंडाळ अँटेनाला. ऊन परतवतो हा." मी चढलो, चांगला आवळून बांधला. माझं मलाच कौतुक वाटलं. लखलखत होता.

टेकडीमागे कोरडा ओढा, ओढ्याकाठी एक झाड. काकू गाडी थांबायच्या आत उतरली. झाडाखाली दगड रचलेले. लांबट, माणसाएवढे. पायाशी बूट, जोडीने ठेवलेले. हिरव्या नाड्या.

ती ओरडली नाही. खाली बसली. उशाशी एक पांढरा वाडगा पालथा होता. तिने उचलला. खालून काहीतरी घरंगळलं, खडे असतील. आत मेणबत्ती. अर्धी जळलेली, पण उभी! या उन्हात वितळली नव्हती.

"नाड्या मी आणल्या होत्या," ती म्हणाली. "तो म्हणाला होता, आई, या काय पोपटासारख्या."

काका गाडीपाशीच उभा. म्हणाला, हिरव्या नाड्या शंभर जण घालतात. तिने वळून पण पाहिलं नाही. दगडांवर हात फिरवत होती. "कुणा देवमाणसाने पुरलं रे माझ्या लेकराला. कोल्ह्यांना नाही दिलं. तेयो, तो माणूस शोध मला. मला त्याचे हात धरायचेत."

मग पश्चिमेकडून धूळ उठली, भिंतीसारखी. थांबलो असतो तर आम्हीही तिथेच. काका यंत्राजवळ वाकला. "दिवा हिरवा. लिही." त्याने आकडा सांगितला, मी लिहिला. काकू एक नाडी सोडवून घेऊन आली. गाडी धुळीतून कशी काढली त्याची त्यालाच माहीत. घरी आलो तेव्हा चांदीचा कागद उडून गेलेला.

२४ जून, मंगळवार

पोलीस, पाद्री, आम्ही. यंत्राने आकड्यापाशी नेलं. एक खडक. झाड नाही, ओढा नाही, दगडांची रास नाही. वादळाने चाकांचे माग पुसले. चार तास फिरलो. टेकड्या सगळ्या काळ्या, ओढे सगळे सारखे. काकाला विचारलं तर म्हणे, "धुळीत मला माझं नाक दिसत नव्हतं."

फौजदार म्हणाला, "बाई, उन्हात माणसाला काहीही दिसतं." काकूने मूठ उघडून नाडी दाखवली. तो टोपी नीट करत राहिला.

वाटेत तिने मला विचारलं, "बाळा, आकडा बरोबर लिहिलास ना?"

हो म्हणालो.

२५ जून

बरोबर नव्हता. आत्ता वही उघडून पाहिली. जेवलो तिथला आकडा आणि झाडाखालचा आकडा — एकच! शेवटच्या अंकापर्यंत. तो खडक आमचा जेवणाचा खडक होता आणि मी ओळखला नाही!

कागदामुळे. पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले होते, याला आकाश दिसायला हवं. मी मनात म्हटलं होतं, डोळे आहेत का याला. धातूच्या कागदाने मी त्याचे डोळे बांधले. पानात बांधलेल्या टमालेसारखा आवळून. बाराला आंधळा झाला, आकडा गोठला, तोच आम्ही झाडापाशी लिहिला. दिवा लालच असणार. उन्हात म्हाताऱ्याला हिरवा दिसला असेल.

चार यत्ता शिकलेल्याच्या हातात कुणी वही देऊ नये. तिचा मुलगा मी हरवला. दुसऱ्यांदा.

२७ जून

काकू उठत नाही. चूल बंद. टेबलावर तीनच ताटं. पोराचं ना जिवंतांत, ना मेलेल्यांत.

२८ जून, शनिवार

काकाला सांगितलं. गाडी धूत होता. म्हटलं, काका, चूक माझी, कागद मी आवळला, साहेबांनी सांगितलेलं मला समजलं नव्हतं. रडलो पण. लाज वाटते लिहायला.

त्याने पाइप बंद केला. "तुझी कशी? कागद मी दिला. म्हाताऱ्याला काय कळतं यातलं."

"काकूला सांगतो मी."

"नाही सांगायचं." एवढ्या जोरात म्हणाला की कोंबड्या पळाल्या. मग हळू, "सांगून काय मिळेल तिला? उन्हात चुकलं. होतं. वाळवंट आहे."

त्याने माझ्या डोक्यावर ओला हात ठेवला.

२९ जून, रविवार

गेलो नाही. शोधाला जायला लागल्यापासून पहिला रविवार घरी. काय करायचं असतं रविवारी?

२ जुलै, बुधवार

साहेब आले होते, नव्या पोराला काम समजावत होते. त्याने विचारलं, चांदीचा कागद लावला तर? माझे कान तापले. साहेब मोठ्याने हसले. "गुमारोला विचार! हे यंत्र नवं आलं तेव्हा त्याने हेच केलं होतं. हप्ताभराचं काम सगळं एका ठिपक्यावर! तेव्हापासून प्रत्येक नव्या पोराला हाच सांगतो, काहीही कर, धातू लावू नको."

मला नव्हतं सांगितलं.

काका लांब उभा होता. ऐकलं त्याने. माझ्याकडे बघितलं नाही, चाकाची हवा तपासत राहिला. चाकात हवा होती.

मग कागद का दिला? दुपारभर तेच. का?

५ जुलै

काकू उठली. केस विंचरलेले. मला म्हणाली, "उद्या ये. मी तो ओढा ओळखीन. आयुष्यभर फिरावं लागलं तरी चालेल. आणि त्या देवमाणसाला पण शोधीन, बघ तू." काका दारात उभा होता. आत आलाच नाही.

६ जुलै, रविवार

सकाळी टोपी बसवायला टपावर चढलो. वाडगा काखेत, हातात तीन बुचं.

काकूने झाडाखालचा वाडगा उचलला तेव्हा खालून घरंगळले ते खडे नव्हते. अशीच बुचं होती.

मी खाली पाहिलं. काका माझ्या हाताकडेच बघत होता. किती वेळ कोण जाणे. काकू बरिटोची पिशवी घेऊन येऊन बसली.

त्याने गाडी चालू केली. जेवणाचा खडक आला. कुणी सांगायच्या आत त्याने गाडी डावीकडे वळवली.