लाल खुंट्यांच्या आत

६ फेब्रुवारी

आले एकदाची! खोलीला दोन खिडक्या आहेत, लिहायला टेबल आहे आणि समोर थेट दलदल: लव्हाळे, बगळे, नजर पोचेल तिथवर पाणी. भोवतालची जमीन कोरडी करून शेतीखाली आणायचा हा प्रकल्प. मधला पाणथळ भाग राखायचा, हे माझं काम. ताईला फोनवर म्हटलं, तुझी धाकटी बहीण आता पर्यावरण अधिकारी आहे, जपून बोल. ती म्हणाली, आधी जेवलीस का ते सांग.

८ फेब्रुवारी

इथे मला कोणी चहासुद्धा विचारत नाही. मुख्य अभियंत्यांना सगळे साहेब म्हणतात. त्यांनी राखीव भागाच्या नियमांचा तयार कागद पुढे सरकवला, नुसती सही करा म्हणाले. मी तो बाजूला सारून माझा नियम लिहिला, खाली सही केली. राखीव भागाभोवती लाल खुंटे. आतलं काहीही माझ्या लेखी परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही. गाळ नाही, गवताची काडीसुद्धा नाही. साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण मुकाट्याने सही केली. मी दिवसभर स्वतःवर खूश होते.

१३ फेब्रुवारी

खुंटे हललेत. तेही बाहेरच्या बाजूला! चर खोदणारा पोकलेन आता राखीव भागात आलाय. साहेब चारचौघांत म्हणाले, मॅडम जमीन ढापतायत. मला तर वाटतं, मला बदनाम करायला त्यांनीच ते हलवलेत. पोकलेन बाहेर काढायला माणसं आली तेव्हा मी नियम दाखवला. काढला असता तर सगळा काठ उसवला असता. चालक शिव्या घालत गेला.

१४ फेब्रुवारी

पोकलेन दिसत नाही. काल तिथे खडखडीत जमीन होती. आज लव्हाळे आहेत. बगळा एकही नाही.

१७ फेब्रुवारी

भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, खुंटे सरकले. कोणी हात लावला नव्हता. उभेच्या उभे, सावकाश, मजुरांच्या खोल्यांपर्यंत आले. माणसांनी चंबूगबाळं उचलून पळ काढला. मलाही निघा म्हणाले. मी गेले तर साहेब उद्याच चर दलदलीला भिडवतील. मी हलणार नाही.

१८ फेब्रुवारी, सकाळ

खुंटे माझ्या दारापलीकडे गेलेत. फोन लागत नाही. चिखलातून चालत निघाले, तर मी चालते तसे खुंटे पुढे — पुढेच. परत फिरले. तेही माझ्यामागून आले.

पलीकडे सगळे उभे आहेत. चालक दोर टाकत होता. साहेबांनी तो त्याच्या हातून हिसकावला. नियम म्हणजे नियम, म्हणाले. मॅडमचीच सही आहे. मला भीती वाटतेय. खूप.

दुपार

पाणी पलंगावर चढलं. टेबलावर बसून लिहितेय — परवानगी लिहिली. पर्यावरण अधिकाऱ्याला बाहेर काढावे. खाली सही. कागदाचा बोळा करून खिडकीतून भिरकावला — साहेबांच्या पायाशी पडला. पण खुंट्यांच्या आत. वीतभर आत.

उचला म्हणून ओरडले. साहेब वाकलेच नाहीत. म्हणाले, कागद आतला आहे, मॅडम. त्याला वेगळी परवानगी —

दुसरी लिहिते. कागद भिजला — टेबल खचतंय — ताईला सांगा — पर्यावरण अधिकाऱ्याला तातडीने बा